उमरकरांचं शिफारसपत्र

बुलढाण्याच्या जिल्हा परिषदेत नीळकंठ उमरकरांना ‘इंग्रजीवाले उमरकर’ म्हणत, कारण त्याच मजल्यावर दुसरे एक उमरकर होते आणि ते ‘डायबेटिसवाले’ होते. पद वरिष्ठ सहाय्यकाचं, वय चोपन्न. पण दिल्लीहून किंवा एखाद्या परदेशी संस्थेकडून इंग्रजी पत्र आलं, की ते एकेका टेबलावरून घसरत घसरत शेवटी यांच्याकडे येऊन थांबायचं. पगारात त्याने एक रुपयाचा फरक पडत नव्हता. मानात पडत होता, आणि उमरकर मानावर जगणारे होते.

त्या रविवारी सकाळी देऊळघाटहून किसनराव गवई आले. एसटीत एकतीस वर्षं कंडक्टर होते, आता निवृत्त. सोबत त्यांची मुलगी धम्मशीला. ती तीन वर्षं उमरकरांच्या हाताखाली आरोग्य सर्वेक्षणात कंत्राटी पर्यवेक्षक होती. पिंपळगाव राजाला मे महिन्यात पाय मुरगळला, तर पायाला पट्टी बांधून तिने चारशे घरं पुरी केली होती. कंत्राट संपलं तेव्हा कार्यालयाने तिला साधा चहाही पाजला नव्हता.

इंग्लंडच्या एका विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचं शिक्षण घ्यायला तिने अर्ज केला होता. शिष्यवृत्तीच्या यादीत शेवटच्या सहांत नाव आलं होतं, घ्यायचे होते दोघं. पुढच्या सोमवारी कॉम्प्युटरवरून मुलाखत होती, आणि त्याआधी जिथे काम केलं तिथल्या वरिष्ठाचं शिफारसपत्र हवं होतं. कार्यालयाच्या लेटरहेडवर, कार्यालयाच्याच मेलवरून, बुधवार संध्याकाळच्या आत. धम्मशीलाने हे सगळं एका कागदावर लिहून आणलं होतं. तो कागद तिने टेबलावर सरळ करून ठेवला.

“साहेब,” किसनराव म्हणाले, “पोरीनं समदं आपलं आपण केलं. हा एकच कागद दुसऱ्याच्या हातात हाय.”

उमरकरांनी तो कागद असा उचलला, जणू संयुक्त राष्ट्रसंघाचाच खलिता आहे.

पत्र सात वाक्यांचं झालं. त्यात दोन वाक्यांवर त्यांचा विशेष जीव होता. पहिलं होतं, ‘शी कॅन वर्क हार्ड’. म्हणजे ती कष्ट उपसू शकते. साधं, पण खणखणीत. दुसरं खरं मोत्याचं होतं. फार वर्षांपूर्वी एका जिल्हाधिकाऱ्यांचं गोपनीय पत्र टाइप करताना ते त्यांना सापडलं होतं आणि तेव्हापासून त्यांनी ते जपून ठेवलं होतं. ‘आय कॅनॉट रेकमेंड हर टू हायली.’ हिची कितीही मोठ्या तोंडाने शिफारस केली, तरी ती कमीच पडेल.

त्यांच्या पत्नी सुलभाबाईंनी कणीक मळता मळता ऐकून घेतलं आणि विचारलं, की चांगलंच सांगायचं आहे तर त्यात ‘नाही’ कशाला घातलं? इंग्रजीत मोठेपणा असाच सांगतात, असं उमरकर म्हणाले. आपल्यातही रुसलेला जावई असाच बोलतो, असं त्या म्हणाल्या.

सोमवारी पत्र वहीत ठेवून ते सरळ कार्यालयात गेले असते, तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण फाटकात आल्हाद उभा होता. आल्हादचा त्यांच्याच घराच्या वरच्या मजल्यावर स्पोकन इंग्लिशचा क्लास होता, आणि त्याला आपण काय लिहिलं आहे ते दाखवण्याचा मोह उमरकरांना आवरला नाही. खरं तर त्यांना सल्ला नको होता. त्यांना ‘वा’ हवी होती.

आल्हादने वा दिली नाही. त्याने खिशातून पेन काढलं.

त्याचं म्हणणं असं. कॅन, मस्ट, विल, शुड ही जी क्रियापदं असतात, शाळेत ज्यांना मोडल म्हणतात, ती आली की क्रियाविशेषणाने त्यांच्या आणि मुख्य क्रियापदाच्या मध्ये बसायचं. ‘यू मस्ट ऑलवेज रीड.’ ‘ही विल प्रोबॅबली कम.’ क्लासच्या भिंतीवर हा नियम त्याने लाल रंगात लिहून ठेवला होता. तुमची क्रियाविशेषणं वाक्याच्या शेपटाला लोंबत आहेत काका, असं त्याने सांगितलं, आणि दोन्ही उचलून मध्ये आणून बसवली. ‘शी कॅन हार्ड वर्क.’ ‘आय कॅनॉट टू हायली रेकमेंड हर.’

दुसऱ्या वाक्याला त्याने काही झालं नव्हतं. पहिलं मात्र उमरकरांच्या कानाला खटकलं. हे ‘हार्ड’ मध्ये बसणाऱ्यांतलं नाही, शेवटीच बसणारं आहे, असं त्यांना आतून वाटत होतं. पण का वाटतं ते सांगता येईना. त्यांचं इंग्रजी फायलींतून आलेलं, नियमांतून नव्हे. भिंतीवर लिहून ठेवलेल्या माणसाशी नुसत्या कानाच्या जोरावर कसं भांडणार? त्यांनी मान हलवली आणि परत घरात जाऊन पत्र पुन्हा टाइप केलं.

मंगळवारी पत्र कार्यालयीन अधीक्षक कोकिळा चोपडे मॅडमच्या टेबलावर गेलं, कारण लेटरहेडवर त्यांच्या मंजुरीशिवाय कावळाही बसत नसे. बाई शिस्तीच्या. पूर्वी कधीतरी लेखापरीक्षणात एका पत्रातल्या स्पेलिंगवरून त्यांना सगळ्यांसमोर ऐकून घ्यावं लागलं होतं. तेव्हापासून त्या प्रत्येक कागद तीनदा वाचत. हा कागद त्यांनी बुधवारी दुपारी साडेचारपर्यंत वाचला. उमरकर दर अर्ध्या तासाने दारात जाऊन उभे राहत आणि परत येत.

शेवटी बोलावणं आलं. ‘हार्ड’वर त्यांनी गोल काढला होता.

“उमरकर, क्विकचं क्विकली, स्लोचं स्लोली. मग इथे ‘ली’ कुठे गेला?”

त्यांनी स्वतःच्या हाताने ‘ली’ जोडला. मग खालच्या वाक्यावर आल्या. हे ‘टू’ काय? टू म्हणजे प्रमाणाबाहेर. चहा टू हॉट म्हणजे पिता येत नाही. शासन कुणाची प्रमाणाबाहेर शिफारस करत नसतं. त्यांनी ‘टू’ खोडला.

उमरकर समोर उभे होते, आणि कागद उलटा असूनही त्यांना दोन्ही वाक्यं वाचता येत होती. ‘शी कॅन हार्डली वर्क.’ ‘आय कॅनॉट हायली रेकमेंड हर.’ दोन्हींचा अर्थ आता उलटा झाला होता. ते म्हणाले, “मॅडम, ते हार्डली म्हणजे...” इतक्यात टेबलावरचा फोन वाजला. मॅडमनी रिसीव्हरवर हात ठेवून विचारलं, “बोला, काय म्हणत होता?”

त्यांचा गोपनीय अहवाल याच बाई लिहीत. पदोन्नतीची यादी दिवाळीत लागायची होती. घड्याळात पावणेपाच झाले होते.

“काही नाही,” उमरकर म्हणाले.

पाच वाजून दहा मिनिटांनी कॉम्प्युटर ऑपरेटर ऋत्विकने दुरुस्त्यांसह पुन्हा टाइप केलेलं पत्र उमरकरांच्या सहीसकट स्कॅन करून पाठवलं, बॅग खांद्याला लावली आणि रोहिणखेडला मावसभावाच्या लग्नाला निघून गेला.

संध्याकाळी उमरकर चहा पुढ्यात घेऊन बसले, पण कप उचलेनात. गोरा माणूस भाव समजून घेईल, अशी स्वतःची समजूत त्यांनी घालून पाहिली. सुलभाबाईंनी दोनदा विचारलं, तेव्हा त्यांनी पत्राची प्रत काढली आणि मराठी करून सांगितलं. ‘हिला काम जवळजवळ जमत नाही. मी हिची फारशी शिफारस करू शकत नाही. आपला विश्वासू, नीळकंठ उमरकर.’

सुलभाबाईंनी प्रत हातात घेऊन खालची सही पाहिली. मग म्हणाल्या, “आणि तुम्हाला हे सही करताना माहीत होतं?”

उमरकर उठले आणि त्यांनी धम्मशीलाचा तो कागद शोधून काढला.

त्यावरचा विद्यापीठाचा नंबर लावला. तिकडे दुपार होती. आयुष्यात प्रथमच ते जिवंत इंग्रज माणसाशी बोलत होते, आणि पलीकडची बाई ‘पार्डन’ म्हणाली की त्यांचं एकेक क्रियापद गळून पडत होतं. तिसऱ्या प्रयत्नात तिला मुद्दा कळला. ती नम्रपणे म्हणाली, की आलेलं पत्र परत देता येत नाही. पण उद्या तुमच्या चार वाजेपर्यंत त्याच मेलवरून दुसरं पत्र आलं, तर ते पहिल्यासोबत लावून समितीपुढे ठेवू. चारनंतर कागद बंद. फोन ठेवल्यावर उमरकरांच्या लक्षात आलं, की आपण अख्खा वेळ उभे होतो.

मेलचा पासवर्ड फक्त ऋत्विकपाशी होता, आणि मेल उघडायला लागणारा आकडाही त्याच्याच मोबाइलवर यायचा. त्याचा मोबाइल लागत नव्हता. गुरुवारी सकाळी त्यांनी अठ्ठावीस वेळा लावून पाहिला. कोकिळा मॅडम मीटिंगसाठी अकोल्याला गेल्या होत्या. साडेअकराला उमरकरांनी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि एसटी स्टँड गाठलं.

स्टँडवर त्यांना गाठ पडायला नको असलेला जगात एकच माणूस होता, आणि तोच चौकशीच्या खिडकीपाशी उभा होता. किसनराव पेन्शनच्या कागदासाठी डेपोत आले होते. साहेब रोहिणखेडला चालले म्हटल्यावर त्यांनी पिशवी काखेला मारली. मोताळ्याची कोणती गाडी आधी लागते, पुढे कोणती काळीपिवळी जीप लवकर भरते, हे साहेबांना काय ठाऊक, म्हणून तेही निघाले. नको म्हणायला उमरकरांना एकही कारण सुचलं नाही. ऑफिसचं काम आहे, एवढंच ते म्हणाले.

गाडीत जागा किसनरावांमुळेच मिळाली. सगळे कंडक्टर त्यांच्या हाताखालून गेलेले. ते खिडकीशी बसून बोलत राहिले. धम्मशीला आरशापुढे बसून मुलाखतीची उत्तरं कशी म्हणते, तिची आई केसरबाई त्यातलं काही न कळता दारात बसून कशी ऐकते, देऊळघाटच्या विहारात पोरींनी तिला बोलावून कसे प्रश्न विचारले, आणि साहेबांचं पत्र गेलं म्हणून काल रात्री पोरगी महिन्याभरात पहिल्यांदा कशी शांत झोपली. उमरकर प्रत्येक वाक्याला हूं म्हणत होते.

राजूर घाटात गाडी थांबली. पुढच्या वळणावर सरकीचा ट्रक आडवा झाला होता. बारा पन्नास. एक वाजला. सव्वा झाला. लोक खाली उतरून झाडाच्या सावलीत बसले. किसनराव वळणावर जाऊन गाड्या मागे घ्यायला लावून आले, परत येऊन घाम पुसत म्हणाले, की अजून अर्धा तास तरी. मग त्यांनी उमरकरांच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं.

“तब्येत ठीक नाही काय साहेब? काऊन असे पांढरे पडून राह्यले?”

उमरकर दगडावर बसले होते. त्यांनी ठरवलं असं काही नव्हतं, पण सांगायला सुरुवात झाली आणि थांबता आलं नाही. क्लासवाला, मॅडम, ‘ली’, ‘टू’, वाजलेला फोन. मोडल म्हणजे काय, क्रियाविशेषण कुठे बसतं, हेसुद्धा त्यांनी सांगून टाकलं. किसनरावांनी ते सगळं बाजूला ठेवलं.

“पन कागदावर काय हाय? माह्या पोरीबद्दल काय लिवलं?”

“काम जमत नाही, असं.”

“तुमी लिवलं?”

“सही माझी आहे,” उमरकर म्हणाले.

किसनराव उठून कठड्यापाशी गेले. खाली दरीत माकडं होती, त्यांच्याकडे बराच वेळ पाहत राहिले. चोपन्न वर्षांत उमरकरांना शाळेत, घरात, कार्यालयात पुष्कळांनी बोल लावले होते, पण या पाठमोऱ्या गप्प माणसाइतकी भीती त्यांना कोणाची वाटली नव्हती. एका बाईने त्यांना भुईमुगाच्या शेंगा देऊ केल्या. त्या त्यांनी घेतल्या आणि मुठीत तशाच धरून ठेवल्या.

किसनराव परत आले ते ओरडले नाहीत.

“मी एकतीस वर्षं तिकिटं फाडले साहेब. चुकीचं तिकीट फाटलं तर प्यासिंजरले उतरवत नसते. मशीन बिघडलं, डायव्हर बोलला, काई सांगता येत नाही. आपल्या हातानं फाटलं, आपणच दुरुस्त करायचं. चला. गाडीचा नाद सोडा.”

दोघं पायी ट्रकच्या पलीकडे गेले. तिकडून मोताळ्याला परत फिरणारा भाजीचा टेम्पो किसनरावांनी थांबवला. नीळकंठ उमरकर, वरिष्ठ सहाय्यक, मोताळ्यापर्यंत रिकाम्या क्रेटवर बसून आले. पुढे काळीपिवळीत ते अकरावे प्रवासी होते. रोहिणखेडला उतरले तेव्हा तीनला दहा मिनिटं कमी होती.

लग्नाची वरात जुन्या मशिदीच्या अलीकडच्या गल्लीत अडकली होती आणि ऋत्विक बरोबर मध्यभागी, नवरदेवाच्या घोड्यापुढे, डोक्यावर रुमाल बांधून नाचत होता. उमरकर गर्दीत शिरले. लोकांना वाटलं नवरीकडचे कोणी आहेत. त्यांनी यांना धरून दोन फेऱ्या नाचवलं. चष्मा एका कानावर आला. ऋत्विकपर्यंत पोचून त्यांनी पासवर्ड म्हणून ओरडून पाहिलं, पण बँडपुढे काही ऐकू जाईना. ऋत्विकने साहेब लग्नाला आले म्हणून भर गल्लीत त्यांच्या पाया पडून घेतलं.

किसनराव बँडमास्तरपाशी गेले आणि दोन बोटं तोंडात घालून अशी शिट्टी मारली, की घोडासुद्धा थबकला. “दोन मिनिट. सरकारी काम हाय,” ते म्हणाले. त्यांच्या आवाजात एकतीस वर्षांची सवय होती. बँड थांबला.

मोबाइल ऋत्विकच्या मावशीच्या पर्समध्ये बंद करून ठेवलेला निघाला. मावशी मांडवात होत्या. मांडवात रेंज नव्हती. कुणी म्हणालं पाण्याच्या टाकीवर येते, कुणी म्हणालं ग्रामपंचायतीच्या ओट्यावर, एका म्हाताऱ्याने शपथेवर सांगितलं की फक्त त्याच्या गोठ्यामागे. गोठ्यामागे खरोखरच दोन रेघा आल्या. मेल उघडली तेव्हा तीन अडतीस झाले होते.

ऋत्विकने मोबाइल उमरकरांच्या हातात दिला आणि ते स्वतः लिहायला बसले. बोटं सवयीने भारदस्त वळण घेऊ लागली. ‘आय मस्ट ऑनेस्टली...’ ऑनेस्टली इथे मध्ये बसेल का? की आधी? त्यांनी ते खोडलं. ‘आय कुड नॉट पॉसिबली...’ तेही खोडलं. तीन पंचेचाळीस. आता एकच रेघ उरली होती. किसनराव पिशवीतून काढलेली छत्री धरून शेजारी उभे होते आणि मोबाइलकडे न पाहता रस्त्याकडे पाहत होते.

मग उमरकरांनी मोडल आणि क्रियाविशेषणं, दोन्हींनाही रामराम ठोकला. त्यांनी लिहिलं, की माझं कालचं पत्र चूक आहे. त्यातली दोन वाक्यं सत्याच्या उलट आहेत. ही मुलगी पायाला पट्टी बांधून चारशे घरं फिरली. मी तिच्यासोबत तीन वर्षं काम केलं आणि माझा तिच्यावर विश्वास आहे. चूक माझी आहे. तिची नाही. सगळी वाक्यं इतकी लहान, की पाचवीतला मुलगा लिहील. मॅडमचं नाव लिहायला बोट एकदा गेलं होतं. त्यांनी ते मागे घेतलं.

तीन बावन्नला मेल गेली. किसनरावांनी छत्री मिटली. मग दोघं मांडवात जेवले, कारण जेवल्याशिवाय कुणी जाऊ देईना.

पत्र मिळालं, आम्ही ‘शॉर्टली’ कळवू, असं यंत्राचं उत्तर त्याच दिवशी आलं. शॉर्टली म्हणजे किती, यावर पुढचे तीन आठवडे वरच्या मजल्यावर आणि खालच्या मजल्यावर चर्चा चालली. आल्हाद म्हणाला दोन दिवस. सुलभाबाईंनी जन्मात पहिल्यांदा नवस बोलला आणि काय बोलला ते सांगितलं नाही. सोमवारी मुलाखत झाली, पण धम्मशीलाचा फोन आला नाही, आणि आपण करावा एवढं तोंड उमरकरांना उरलं नव्हतं.

मधल्या काळात त्यांना कारणे दाखवा नोटीस आली. मंजुरीशिवाय कार्यालयीन मेलचा वापर केला, तो का केला, तीन दिवसांत खुलासा करावा. खाली कोकिळा चोपड्यांची सही. अशा नोटिशींना उत्तर कसं द्यायचं, हे उमरकर इतरांना शिकवत. चार पानं लिहायची, शेवटी काहीच कबूल करायचं नाही. त्यांनी मराठीत तीन ओळी लिहिल्या. ‘मेल मीच पाठवली. आधीचं पत्र चूक होतं आणि ते मला पाठवण्याआधी माहीत होतं. होईल ती कारवाई मान्य आहे.’ मग ते टेबल आवरून बसले. फायलींची वेगळी पिशवीसुद्धा त्यांनी भरून ठेवली.

विसाव्या दिवशी धम्मशीला कार्यालयात आली. तिला शिष्यवृत्ती मिळाली होती. सप्टेंबरात निघायचं होतं. तिने उमरकरांना पेढा दिला आणि मुलाखतीची हकीकत सांगितली. समितीने तिच्यापुढे दोन्ही पत्रं ठेवली आणि विचारलं, की एकाच माणसाची ही दोन पत्रं आहेत, यातलं खरं कोणतं?

“मग तू काय सांगितलंस?”

“म्हटलं, पहिलं आमच्या ऑफिसनं लिहिलं. दुसरं सरांनी.”

उमरकरांनी उरलेला पेढा कागदावर ठेवला. तिच्या मनात राग होता का, हे त्यांना विचारायचं होतं. तिनेच सांगितलं. बाबांकडून कळल्यावर आठ दिवस फार राग होता सर, ती म्हणाली, म्हणून फोन केला नाही. आता नाही. मग ती प्रत्येक टेबलावर पेढे देत गेली.

कोकिळा मॅडमच्या टेबलावरही गेली. तिथे ती किती वेळ होती आणि काय बोलली, ते कळलं नाही. ती गेल्यावर उमरकरांना बोलावणं आलं. मॅडमच्या पुढ्यात पेढा तसाच होता, शेजारी त्यांचा तीन ओळींचा खुलासा, आणि एक जाड इंग्रजी-मराठी शब्दकोश उघडा. कुठल्या पानावर उघडा आहे, हे उमरकरांनी पाहिलं नाही.

मॅडमनी त्यांना बसायला सांगितलं. सव्वीस वर्षांच्या नोकरीत त्या समोरच्या खुर्चीवर ते पहिल्यांदा बसले.

“तुम्हाला तेव्हाच कळलं होतं. मग तुम्ही बोलला का नाही?”

“भीती वाटली.”

मॅडमनी खुलासा फायलीला लावला, समाधानकारक असा शेरा मारला आणि सही केली. मग पेन खाली ठेवून त्यांनी शब्दकोश मिटला.

“मी चिडले असते हो,” त्या म्हणाल्या. “पण ऐकलं असतं.”